एसटीपीत कल्चर टाकावं का? आधी ब्लोअरच्या वेळा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात २२० फ्लॅटची सोसायटी, ११० केएलडीचा (रोज ११० हजार लिटरचा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, साधारण ८० घनमीटरची एरेशन टँक (हवा सोडायची टाकी) आणि पुढे क्लॅरिफायर (गाळ तळाशी बसवून वरचं पाणी पुढे सोडणारी टाकी). दोन महिन्यांपासून वास येतोय, तोही सकाळी सहा-साडेसहाला सगळ्यात जास्त. टाकीवर चॉकलेटी रंगाचा घट्ट फेस बसलाय. प्लांटमधून फ्लशला येणारं पाणी पिवळट आणि गढूळ आहे. फिल्टर प्रेस (काढलेल्या गाळातलं पाणी पिळून काढणारं यंत्र) सहा महिने बंद पडून आहे. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) महिन्याला १० किलो बॅक्टेरिया कल्चर, म्हणजे जिवाणूंची पावडर, टाकतो आणि आता २० किलो टाकू म्हणतो. हे पैसे द्यावेत का, आणि या पाण्याचा घरातल्या लहान मुलांना धोका आहे का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जाता जाता लिहिलंय की आवाजाच्या तक्रारींमुळे ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवतो. तुमच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ त्या एका ओळीत आहे.

कल्चरचे पैसे देऊ नका. का ते आकड्यांतच सांगते, म्हणजे कमिटीच्या मीटिंगमध्ये तुम्हालाही मांडता येईल.

फ्लॅटमागे चार माणसं धरली तर ८८० माणसं झाली. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा नियोजनाचा आकडा आहे आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे तुमच्या टाकीत रोज सुमारे ९५ हजार लिटर येतं. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर रोज जवळजवळ २४ किलो बीओडी आत येतो. बीओडी म्हणजे जंतूंसाठी किती खाणं आलंय त्याचं माप, ते खाताना त्यांना किती ऑक्सिजन लागेल यावरून काढलेलं. तुमच्यासारख्या प्लांटमध्ये दर किलो बीओडीमागे ढोबळमानाने ४०० ग्रॅम नवा गाळ तयार होतो, कोरड्या वजनात. म्हणजे तुमची टाकी स्वतःच रोज नऊ-दहा किलो गाळ तयार करते आणि त्यातला मोठा भाग जंतूंचा असतो. लिटरला ३,५०० मिलिग्रॅम या योग्य प्रमाणात गाळ असला तरी टाकीत एकूण २८० किलो भरतो. तिथे महिन्याला १० किलो पावडर टाकायची, ज्यातला बराचसा भाग कोंड्यासारखा वाहक असतो! त्यातले जंतू जगले तरी इथल्या खाण्यावर आणि इथल्या हवेवर वाढलेल्या मूळच्या जंतूंपुढे टिकत नाहीत. महिन्याला १० चे २० किलो केले तरी या हिशेबात काही बदलत नाही.

ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ साली मँचेस्टरच्या डेव्हीहल्म प्लांटवर एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यातून हवा सोडली. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण स्वच्छ व्हायला पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचं नितळ पाणी काढलं, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि नवं सांडपाणी ओतलं. असं करत गेल्यावर तेच काम एका दिवसाच्या आत व्हायला लागलं. गाळ तोच, सांडपाणी रोजचंच, वरून फक्त हवा. त्यांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे ही विद्या आपल्याकडे पोचायला फार वेळ लागलेला नाही. तुमची टाकी आजही त्याच तत्त्वावर चालते: गाळ सांभाळा आणि त्याला हवा द्या.

आता रात्री दहाला ब्लोअर बंद झाल्यावर टाकीत काय होतं ते बघू. दिवसा पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऑक्सिजन असेल. एवढा गाळ तो दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. लोक जेवून भांडी घासून झोपतात, त्यामुळे अकरा-साडेअकरापर्यंत खाणं मात्र येतच राहतं. ऑक्सिजन संपला की जंतू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. तोही संपला की सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची पाळी येते आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच सडक्या अंड्यांचा वास. तोवर गाळ तळाशी बसलेला असतो, त्यामुळे वायू पाण्यातच अडकून राहतो. सकाळी सहाला ऑपरेटर बटण दाबतो, टाकीच्या तळाशी बसवलेल्या डिफ्यूजरमधून हवा सुटते आणि रात्रभर साठलेला वायू एकदम बाहेर फेकला जातो. मॉर्निंग वॉकच्या वेळेलाच वास का, याचं कारण हे. तुम्ही वेळ लिहिली नसती तर मला आणखी चार गोष्टी विचाराव्या लागल्या असत्या.

थोडा वेळ हवा बंद ठेवणं वाईटच असतं असं मात्र नाही. तास-दीड तास बंद, मग दोन-तीन तास चालू, असं मुद्दाम करतात, कारण त्या बंद वेळात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. सलग आठ तास ही वेगळी गोष्ट आहे. आवाजाची तक्रार खरी असेल तर ब्लोअरला अकूस्टिक हूड बसवा, सायलेन्सर तपासा, खालचे रबर पॅड बदला. कल्चरच्या काही महिन्यांच्या पैशांत हे बसेल.

फेसाकडे येते. पांढरा, साबणासारखा, हलका फेस असता तर म्हटलं असतं की गाळ कोवळा आहे, थांबा. तुमचा चॉकलेटी, साय धरल्यासारखा, पाण्याचा फवारा मारला तरी न मोडणारा. असा फेस बहुतेक वेळा नोकार्डिया किंवा गॉर्डोनिया गटातल्या फांद्या फुटणाऱ्या तंतुमय जिवाणूंचा असतो. त्यांच्या अंगावर मेणासारखा थर असतो, पाणी त्यांना भिजवत नाही, म्हणून हवेच्या बुडबुड्यांना चिकटून ते वर येतात. त्यांना दोन गोष्टी आवडतात, तेल-तूप आणि म्हातारा गाळ. तुमच्याकडे दोन्ही आहेत. फिल्टर प्रेस सहा महिने बंद, म्हणजे सहा महिने गाळ काढलेलाच नाही. रोज तयार होणारे नऊ-दहा किलो गेले कुठे? काही टाकीतच साठले आणि काही क्लॅरिफायरवरून वाहून तुमच्या फ्लशमध्ये आले. पिवळट, गढूळ पाणी म्हणजे तेच.

डिफोमर (फेस मोडणारं रसायन) ओतू नका. फेस झारीने किंवा व्हॅक्यूम टँकरने उचलून बाहेर काढा आणि तो पुन्हा इनलेटला सोडू नका. ऑपरेटर तो हमखास ड्रेनेजच्या चेंबरमध्ये ढकलतात आणि तेच बी दुसऱ्या दिवशी टाकीत परत येतं. प्रत्येक विंगखालचं ग्रीस ट्रॅप उघडून बघा. ते कधी साफ झालं हे कुणालाच आठवत नसेल तर या फेसाला तेल तिथूनच मिळतंय.

गाळ किती आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. एक लिटरचं काचेचं मोजपात्र घ्या. ब्लोअर चालू असताना टाकीच्या मधून पाणी भरा, सपाट जागी, उन्हापासून दूर ठेवा आणि अर्ध्या तासाने गाळ कोणत्या रेघेपर्यंत बसलाय ते वहीत लिहा. यालाच एसव्ही-३० म्हणतात. २५० ते ४०० मिलिलिटर असेल तर छान. तुमचा ८००-९०० येईल असा माझा अंदाज आहे. तेव्हा लगेच 'बल्किंग झालंय', म्हणजे गाळ फुगून बसेनासा झालाय, असं म्हणू नका. दुसऱ्या वेळी निम्मं टाकीचं आणि निम्मं क्लॅरिफायरचं वरचं पाणी घेऊन तेच करा. आकडा निम्म्याहून बराच खाली घसरला तर गाळ चांगला आहे, फक्त जास्त झालाय. पातळ करूनही तो कापसासारखा वरच लोंबत राहिला तर तंतुमय जिवाणूंनी गाळाच्या गोळ्यांना हातपाय फुटल्यासारखं झालंय आणि ते एकमेकांजवळ येऊच शकत नाहीत. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ही दहा रुपयांचीही नसलेली चाचणी आधी करा. पात्र तसंच तास-दीड तास ठेवलं आणि बसलेला गाळ अख्खा वर आला, त्यात बारीक बुडबुडे दिसले, तर तो नायट्रोजन आहे. तो तुमचा आजचा आजार नाही.

आता गाळ काढायचा. रिटर्न लाइनमधल्या (क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ टाकीत परत आणणाऱ्या पाइपातल्या) गाळात लिटरला साधारण १० ग्रॅम घन पदार्थ असतो, म्हणजे एक घनमीटर काढला की १० किलो गेले. रोज एक घनमीटर काढलात तर जेवढा तयार होतो तेवढाच जाईल, साठलेला तसाच राहील. म्हणून पहिले तीन-चार आठवडे रोज अडीच-तीन घनमीटर काढा. एका दिवसात अर्धी टाकी रिकामी करून टाकू नका. मागे असं केलेल्या ठिकाणी सगळे संथ वाढणारे जंतूही त्याबरोबर गेले आणि पुढचा महिना पाण्यात अमोनियाच अमोनिया होता. फिल्टर प्रेस दुरुस्त होईपर्यंत अधिकृत टँकर बोलवा. माझ्या अनुभवात सोसायट्यांचे निम्म्याहून अधिक बिघडलेले प्लांट हे गाळ न काढल्यामुळे बिघडलेले असतात, पण गाळ काढण्याचं कंत्राटात कुठे नावच नसतं. तुमचं एएमसीचं कागदपत्र उघडून बघा, रोज किती गाळ काढायचा हे लिहिलंय का.

एक खर्च मात्र मी तुम्हाला आवर्जून करायला सांगेन: कॉलेजात वापरतात तसा साधा मायक्रोस्कोप, १० आणि ४० चं ऑब्जेक्टिव्ह असलेला. टाकीतल्या पाण्याचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, बस्स. मी मायक्रोबायॉलॉजी शिकून या धंद्यात आले आणि पंचवीस वर्षांत मला कुठल्याही मीटरने जेवढं सांगितलं नाही तेवढं या थेंबाने सांगितलं. बॅक्टेरिया ओळखायला जाऊ नका, त्यांना खाणारे प्राणी बघा. नुसते वळवळणारे चाबूकधारी ठिपके असतील तर गाळ कोवळा आहे किंवा नुकताच मार खाल्लेला आहे. सुसाट पोहणारे पॅरामिशियमसारखे असतील तर वस्ती बसतेय. चांगल्या गाळात व्हॉर्टिसेला दिसतो: उलटी घंटा, खाली बारीक देठ, देठ गाळाच्या गोळीला घट्ट रोवलेला. घंटेच्या तोंडाशी केसांची कडी इतक्या वेगाने हलते की चक्र फिरतंय असं वाटतं. ती आजूबाजूचे सुटे बॅक्टेरिया ओढून घेते आणि पाणी नितळ करण्याचं मोठं काम हीच करते. काचेवर टिचकी मारा, देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेऊन झटकन आखडेल आणि मग हळूहळू सरळ होईल. ऑपरेटरला हे एकदा दाखवा. मी दाखवलेल्या ऑपरेटरांपैकी कित्येकांनी त्यानंतर स्वतःहून रोज स्लाइड बघायला सुरुवात केली, कारण टाकीत कुणीतरी राहतंय हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

एक प्रसंग सांगते. एका सोसायटीतून फोन आला की कालपर्यंत काचेसारखं असलेलं पाणी आज दुधाळ झालंय. स्लाइड लावली तर घंटा सगळ्या मिटलेल्या, देठ ताठ, टिचकी मारली तरी हालचाल नाही. काही देठ तर नुसतेच उभे, वरची घंटा गळून गेलेली. ऑक्सिजन मात्र भरपूर होता, कारण तो वापरणारंच कुणी उरलं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की आदल्या दिवशी छतावरच्या टाक्या हायपोने (क्लोरीनच्या द्रावणाने) धुतल्या आणि ते सगळं पाणी ड्रेनेजला सोडलं. तिसऱ्या दिवशी चाबूकधारी दिसले, आठवड्याने पोहणारे आणि दहाव्या-बाराव्या दिवशी पहिली घंटा. अशा वेळी बाहेरून जंतू आणणं खरंच उपयोगी पडतं, पण पावडर नाही. जवळच्या धडधाकट एसटीपीचा एक टँकर ताजा गाळ आणायचा. नवीन प्लांट सुरू करतानाही तेच. शेणाचं पाणी टाकायची पद्धत आहे, पण शेणातले बहुतेक जंतू गाईच्या पोटातल्या बिनहवेच्या जागेत वाढलेले असतात. त्यांना इथे फारसं करमत नाही.

आता तुमच्या मुलांचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) एक कोटीच्या घरात असतात. टाकी आणि क्लॅरिफायर उत्तम चालले तर ९९ टक्के कमी होतात. ऐकायला छान वाटतं, पण एक कोटीचे ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. आंघोळीच्या नदीपाण्यासाठी आपल्याकडे २,५०० ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे नंतरचं फिल्टर आणि क्लोरीन नीट असल्याशिवाय ते पाणी घरात येऊ नये.

आणि इथे ब्लोअर पुन्हा आडवा येतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पिरा फार संथ वाढतात. साधे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दिवसभर लागतो. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन हवा. आठ तास हवा बंद म्हटल्यावर पहिला फटका यांना बसतो आणि अमोनिया तसाच पुढे जातो. अमोनिया क्लोरीनला गिळून क्लोरामाइन बनवतो, जो जंतू मारायला कितीतरी दुबळा आहे. अमोनिया-नायट्रोजन लिटरला २० मिलिग्रॅम असेल तर मोकळा (अमोनियाशी न जोडलेला) क्लोरीन उरायला १५० ते २०० मिलिग्रॅम क्लोरीन ओतावा लागेल. एवढा कुणी ओतत नाही आणि ओतूही नये. तुमचा ऑपरेटर ओटीचे (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोल्युडिनचे) थेंब टाकून पिवळा रंग दाखवेल, पण ऑर्थोटोल्युडिन क्लोरामाइननेही पिवळं होतं. मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारी डीपीडी गोळीची चाचणी करा आणि रंग पहिल्या मिनिटातच बघा. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर मोकळा क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम तरी मिळाला पाहिजे.

पाणी सुधारेपर्यंत फ्लशला शक्य असेल तर साधं पाणी द्या. नसेल तर झाकण लावून फ्लश करा, जेट स्प्रेला हे पाणी येत नाही ना बघा, आणि लॉनवर फवारा मारू नका, मुलं तिथे खेळतात. खरी भीती मात्र पिण्याची आणि फ्लशची लाइन कुठेतरी जोडली जाण्याची आहे, विशेषतः फ्लॅटचं रिनोव्हेशन झालेल्या घरांत. एका रविवारी फ्लशच्या वरच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करा. ज्या घरात तरीही फ्लश भरतोय किंवा बेसिनचा नळ बंद पडलाय तिथे जोडणी चुकलेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून येणारा जिवाणू सापडला होता. ती वेळ पुण्याने बघितलेली आहे, म्हणून ही तपासणी पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

अजून एक, आणि हे कमिटीतल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. ब्लोअर चालू करूनही टाकीच्या एका भागात बुडबुडे येत नसतील तर डिफ्यूजर चोंदलेत. एएमसीवाला म्हणेल, टाकी रिकामी करून माणूस उतरवतो. उतरवू देऊ नका. तळाचा गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच साठतो, आणि दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकाला वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं वायू गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमधली अशी धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे. 'आमचा एसटीपी आहे, सेप्टिक टँक नाही' म्हणून वायू कमी विषारी होत नाही. वरून ओढून काढता येतील असे डिफ्यूजर बसवून घ्या.

उद्यापासून ब्लोअर चोवीस तास ठेवा. सकाळचा वास तीन-चार दिवसांत उतरेल. फेसाला गाळ बदलण्याइतका वेळ लागेल, तीन ते चार आठवडे. अमोनिया उतरायला दोन-तीन आठवडे. रोज सकाळी आठला एसव्ही-३०, काढलेला गाळ किती घनमीटर, फेसाचा रंग आणि पीएच एवढंच वहीत लिहा. पीएच ६.५ च्या खाली जायला लागला तर सांगा; खडकवासल्याचं पाणी मऊ आहे, नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) सुरू झालं की त्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, संपू शकते आणि मग थोडा सोडा द्यावा लागेल. स्लाइडवर देठवाल्या घंटा दिसायला लागल्या की अमोनिया तपासून घ्या आणि त्यानंतर क्लोरीनचा डोस नव्याने ठरवा. तोवर हायपोचे कॅन वाढवू नका.